शिपायाचें पत्र व ऐकीव वार्ता

लढाईवर गेलेल्या शिपायाचें घरीं आलेलें पत्र हातीं पडलें म्हणजे इतिहासाचा अभ्यासक त्यांत तीन गोष्टी शोधतो: तारीख, ठिकाण आणि नांवें. त्या सांपडल्या तर तो पत्र जपून ठेवतो. न सांपडल्या, आणि त्यांच्या जागीं 'असें ऐकितों', 'लोक बोलतात', 'खरें खोटें देव जाणे' अशींच वाक्यें दिसलीं, तर तो तें बाजूस सारतो. वाङ्मयाचा अभ्यासक त्याच पत्रांत शैली शोधतो आणि ती न आढळल्यास तोही तेंच करतो. अशा रीतीनें दोन्ही दारांतून माघारीं धाडलेलें हें पत्र कोणाच्याच घरीं वस्तीस राहत नाहीं. प्रस्तुत लेखांत या पत्राची बाजू मांडण्याचा आमचा विचार आहे. आणि ती मांडतांना त्यांतील जो भाग सर्वांस टाकाऊ वाटतो, म्हणजे छावणींतील ऐकीव वार्ता, तोच त्याचा प्राण होय, असें दाखविण्याचा आम्ही यत्न करूं.

विवेचनास आधार म्हणून पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें गेलेल्या हिंदी शिपायांचीं पत्रें आम्हीं घेतलीं आहेत. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरांत उतरल्या. त्यांच्या पाठोपाठ मीरत डिव्हिजन आली. त्या ऑक्टोबरांत ईप्रच्या आघाडीवर, १९१५ च्या मार्चांत नव शापेलला आणि सप्टेंबरांत लूसच्या लढाईंत हे लोक लढले. १९१५ च्या अखेरीस पायदळ तेथून हलविण्यांत आलें. घोडदळ मात्र १९१८ पर्यंत फ्रान्समध्येंच होतें. १९१५ च्या आरंभीच्या महिन्यांत हे शिपाई आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रें लिहीत असत. हीं पत्रें प्रथम पलटणींत तपासलीं जात, आणि मग हिंदी टपालाच्या सेन्सॉर कचेरींत त्यांची दुसरी तपासणी होई. या कचेरीचें मुख्य ठाणें पुढें बुलोन येथें होतें. दर आठवड्यास कांहीं पत्रांतील निवडक उतारे इंग्रजींत उतरवून, त्यांवर शेरा मारून, ते वरिष्ठांकडे धाडण्यांत येत. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांतून सहाशेंहून अधिक पत्रांचे उतारे निवडून डेव्हिड ओमिसी या इतिहासकारानें १९९९ सालीं एक संग्रह छापला. तो संग्रह समोर ठेवूनच आम्ही बोलत आहों.

या पत्रांचा कर्ता कोण, हा पहिला प्रश्न होय. बहुतेक शिपायांस अक्षरओळख नव्हती. पलटणींत ज्यास लिहितां येई त्याच्यापाशीं बसून शिपाई मजकूर सांगे आणि तो लेखनिक आपल्या वळणाच्या मायन्यांत तो बसवी. सांगतांना आजूबाजूस चार सोबती बसलेले असत. तेही मध्येंच एखादा शब्द सुचवीत असतील, एखाद्या शब्दास हरकतही घेत असतील. पत्र गांवीं पोंचलें म्हणजे तेथेंही तीच स्थिति. घरांतल्या माणसांस वाचतां येत नसे, म्हणून वाचणाऱ्या माणसाकडे तें न्यावयाचें. तो मोठ्यानें वाचणार आणि शेजारीपाजारी ऐकणार. या दोन टोंकांच्या मध्यें सेन्सॉरच्या कचेरींतला वाचक. शिपायाचा आवाज, लेखनिकाचा हात आणि अधिकाऱ्याचा डोळा, या तिहींमधून पार पडलेलें वाक्य इंग्रजी वेष घेऊन आज आपल्यापुढें येतें. मूळ पत्रें ज्यांच्या त्यांच्या घरीं गेलीं. त्यांतलीं बहुतेक तेथेंच विरून गेलीं असावींत.

आम्ही आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों. याच युद्धांतील विल्फ्रेड ओवेन या कवीचीं पत्रें आम्हीं अनेकदां वाचलीं आहेत. १९१८ च्या नोव्हेंबरांत, युद्ध थांबण्यास आठवडाच उरला असतां, तो पडला. त्यानें आईस लिहिलेलीं पांचशेंहून अधिक पत्रें घरच्यांनीं जपलीं आणि तीं छापूनही निघालीं. तीं एका मनानें दुसऱ्या एका मनास लिहिलेलीं आहेत. लिहिणाऱ्याचा हात त्याचा स्वतःचा आहे, आणि तो अधिकारी असल्यामुळें आपल्या हाताखालच्या शिपायांचीं पत्रें तपासण्याचें काम उलट त्याच्याकडेच होतें. अशीं पत्रें मापदंड म्हणून समोर ठेवलीं म्हणजे आमच्या शिपायाचें पत्र ठेंगणें दिसणारच. परंतु मापदंडच चुकीचा आहे. शिपायाचें पत्र एका व्यक्तीचें दुसऱ्या व्यक्तीस नसून एका समुदायाचें दुसऱ्या समुदायास आहे. तें एकान्तांत लिहिलेलें नाहीं आणि एकान्तांत वाचावयाचेंही नाहीं. ज्या पत्राचा जन्मच चार माणसांच्या घोळक्यांत होतो, त्यांत चार माणसांच्या तोंडून आलेली वार्ता शिरली, तर तो त्याचा दोष कसा म्हणावा? तें त्याच्या जातीसच धरून आहे.

आतां या पत्रांतील छावणीच्या वर्णनाकडे वळूं. खाण्यापिण्याची सोय, मिळालेले गरम कपडे, थंडी, पाऊस, खंदकांतला चिखल, फ्रेंच शेतकऱ्यांची आस्था, तिकडच्या स्त्रियांची कामसू वृत्ति व त्यांचें शिक्षण, असे विषय पुन्हां पुन्हां येतात. यांतील कांहीं वर्णनें मनोवेधक आहेत. मुलींस शिकविलें पाहिजे, ही गोष्ट फ्रान्समधील घरें पाहिल्यावर आपल्या मनांत ठसली, असें घरीं कळविणारा शिपाई त्या काळच्या सुधारकांच्या पंक्तीस बसावा असा आहे. तथापि या वर्णनांचा बराच भाग ठरीव सांच्यांतला आहे. आपल्याकडे 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें' हा मायना ज्या भावनेनें लिहीत, त्याच भावनेनें शिपाई खाणेंपिणें उत्तम असल्याचें व सरकारची मेहेरबानी असल्याचें लिहून मोकळा होतो. त्यांत खोटेपणा असतोच असें नाहीं. पण तो मजकूर लिहिणाऱ्याचा नसून पत्र या वस्तूचा आहे. घरच्या माणसांचा जीव खालीं पडावा म्हणून तो लिहावयाचा, आणि वाटेंत वाचणाऱ्या साहेबासही त्यांत वावगें दिसूं नये. छावणीच्या वर्णनांत शिपाई दिसतो, परंतु तो कवायतीच्या रांगेंत उभा राहावा तसा.

रांग मोडते ती अफवेपाशीं. लढाई अमुक महिन्यांत संपणार, अमुक पलटण अमुक देशीं जाणार, आपल्यास घरीं धाडण्याचा हुकूम निघणार, या धर्तीचें बोलणें पत्रांत आलें कीं भाषेची चाल पालटते. इतका वेळ 'मी' आणि 'आम्ही' यांच्या आधारानें चाललेलें वाक्य एकाएकीं कर्ता टाकून देतें. 'ऐकण्यांत येतें', 'बोलतात', 'म्हणे'! मराठींतला हा 'म्हणे' किती सोयीचा शब्द आहे, हें आपण रोज बोलतांना विसरतों. त्यानें वाक्य सांगणाऱ्याचें राहतें आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं. निश्चयपूर्वक लिहिलेल्या वाक्याबद्दल शिपायास जाब विचारतां येईल. ऐकीव वार्तेबद्दल काय विचारणार? म्हणून जें त्यास सर्वांत अधिक बोलावयाचें असतें, परंतु आपल्या नांवावर बोलतां येत नाहीं, तें तो लोकांच्या नांवावर बोलतो. 'मला घरीं यावेसें वाटतें' असें लिहिणें पुरुषार्थास कमीपणा आणणारें आणि वरिष्ठांच्या डोळ्यांवर येणारें. 'पलटण लवकरच घरीं परतणार असें ऐकितों' असें लिहिण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नाहीं. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, हें घरीं ऐकणाऱ्या आईस कोणी समजावून सांगावें लागत नव्हतें.

आमचे जुने साहित्यशास्त्रकार यासच व्यंजना म्हणत आले. वाच्यार्थ एक, आणि त्यांतून सहृदयास उमगणारा अर्थ निराळा. फरक इतकाच कीं, कवि व्यंजनेचा आश्रय शोभेसाठीं करतो आणि शिपाई अगतिकतेनें. परंतु अगतिकतेंतून आलेली व्यंजना हलक्या प्रतीची असते, असें आनंदवर्धनानें कोठें म्हटल्याचें आमच्या वाचण्यांत नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. या पत्रांत सांकेतिक भाषाही आढळते. तिचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मिरीचें: हिंदी शिपायांस काळी मिरी आणि गोऱ्या शिपायांस तांबडी मिरी म्हणावयाचें, आणि कोणती संपत आली, कोणती अधिक तिखट, हें वाण्याच्या हिशेबासारखें घरीं कळवावयाचें. मराठी वाचकास हें वाचून पानिपतची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १७६१ च्या जानेवारींतील त्या संहाराची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस वाटेंत मिळाली, ती एका सावकारी पत्रांतून. आणि त्यांत माणसांच्या जागीं मोतीं, मोहरा आणि खुर्दा होता. या दोन पत्रांतील साम्य विलक्षण आहे यांत शंका नाहीं. तथापि तें कूट आहे, ध्वनि नव्हे. कूटास किल्ली असते. ती सांपडली कीं आंतला अर्थ बाहेर पडतो आणि कुलूप निरुपयोगी होतें. मिरीची किल्ली सेन्सॉरच्या कचेरीस सहज सांपडली. अफवेस किल्लीच नाहीं. ती खोटी आहे हें सिद्ध केलें तरी तिच्यांतला अर्थ तसाच शिल्लक राहतो, कारण तो अर्थ घटनेविषयीं नसून मनाविषयीं आहे. वाङ्मयदृष्ट्या मिरीच्या चातुर्यापेक्षां साध्या 'ऐकितों' ची योग्यता आम्हांस म्हणूनच अधिक वाटते.

या पत्रांचा एक वाचक मात्र चांगला जाणता होता, आणि तो म्हणजे स्वतः सेन्सॉर. ई. बी. हॉवेल हा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला गृहस्थ या कचेरीचा प्रमुख होता. पत्रांतून मजकूर खोडून फारसें साधत नाहीं, कारण आडवळणानें बोलण्याची कला या लोकांस पक्की अवगत आहे, हें त्याच्या लौकरच ध्यानांत आलें. उत्तर आयुष्यांत याच हॉवेलनें खुशहालखान खट्टकाच्या पुश्तू कवितांचें इंग्रजी भाषांतर ओलाफ कॅरो याच्यासह केलें. तें १९६३ सालीं पेशावर येथें प्रसिद्ध झालें. ज्यास पुढें काव्याचें भाषांतर करावेसें वाटलें, त्याच्याच देखरेखीखालीं शिपायांच्या वाक्यांचीं भाषांतरें झालीं, हा योगायोग आमच्या दृष्टीनें लहान नाहीं. अर्थात् त्यामुळें एक गोष्ट विसरतां कामा नये. हॉवेलच्या कचेरीनें जें निवडलें तें तिला सरकारच्या कामाचें वाटलें म्हणून निवडलें. शिपायांचें मन स्थिर आहे कीं डळमळतें आहे, हें जाणण्यासाठीं तो खटाटोप होता. जें त्या कामीं उपयोगी नव्हतें, त्याचा उताराच झाला नाहीं. आपण वाचतों तो शिपायांचा ग्रंथ खरा, परंतु त्याची अनुक्रमणिका सरकारनें केली आहे.

ऐकीव वार्तेची किंमत सांगतांना तिचा एकच रंग दाखविणें अप्रामाणिकपणाचें होईल. सर्वच अफवा खालून वर येत नाहींत. कांहीं वरून खालीं सोडल्या जातात. इंग्लंडांतील ब्रायटन येथील रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यांत १९१४ च्या डिसेंबरांत हिंदी जखमींसाठीं रुग्णालय उघडलें. तेथें जातिधर्मांप्रमाणें नऊ निरनिराळीं स्वयंपाकघरें होतीं, आणि व्यवस्था उत्तम होती असें शिपायांनीं लिहिलें आहे. त्याचबरोबर बादशहांनीं आपला राहता वाडा आमच्यासाठीं मोकळा करून दिला, असाही समज पसरला, आणि अधिकाऱ्यांनीं तो पसरूं दिला, किंबहुना वाढविला. वास्तविक तो वाडा ब्रायटन शहरानें १८५० सालींच विकत घेतला होता. ही वार्ता पत्रांत येते तेव्हां ती बहुधा 'ऐकितों' हा शब्द घेऊन येत नाहीं. ती ठाम विधान म्हणून येते. आमच्या मतें, वरून आलेली अफवा व खालून उठलेली अफवा ओळखण्याची ही एक खूण मानतां येईल. वरून आलेली अफवा आपणांस अफवा म्हणवीत नाहीं. ती बातमीचा पोषाख करून येते.

आणि दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. अफवा माणसें मारते. सिंगापूर येथें असलेल्या पांचव्या लाइट इन्फन्ट्री या पलटणीस हाँगकाँगला जाण्याचा हुकूम झाला होता. परंतु आपणांस तुर्कांविरुद्ध लढण्यास नेत आहेत, अशी आवई तिच्यांतील मुसलमान शिपायांत उठली. १५ फेब्रुवारी १९१५ रोजीं बंड झालें, रक्तपात झाला, आणि पुढें चाळीसांहून अधिक शिपायांस जाहीर रीतीनें गोळ्या घालण्यांत आल्या. अशा वेळीं अफवेंतील व्यंजनेचें कौतुक करीत बसणें हा रसिकपणा नव्हे, ती निष्ठुरता होईल. आमचें म्हणणें अफवा निर्दोष आहे असें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तिला नुसतें खोटें म्हणून ती समजत नाहीं. सिंगापुरच्या शिपायांस जहाज कोठें जाणार हें विश्वासानें सांगणारें कोणी असतें, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा अशी परिस्थिति असती, तर त्या आवईस रुजण्यास जागा मिळती ना. जेथें माणसास आपल्या मरणाचें ठिकाणसुद्धां सांगितलें जात नाहीं, तेथें तो तें आपल्या कल्पनेनें ठरवूं लागतो. अफवा म्हणजे हुकुमाच्या ताबेदारानें हुकुमाच्या पोकळींत केलेली रचना होय.

फ्रान्समधील शिपायांच्या बाबतींत ही पोकळी किती मोठी होती, हें एका गोष्टीवरून दिसेल. एकदां जखमी झालेल्यानें आपलें देणें फेडलें, आतां त्यास घरीं धाडतील, अशी जखमींची समजूत होती. प्रत्यक्षांत बरे झालेले पुष्कळ लोक पुन्हां खंदकांत गेले. महिना अकरा रुपये पगारावर आलेल्या माणसास ही गोष्ट करार मोडल्यासारखी वाटली, आणि १९१५ च्या पत्रांतून ती तक्रार नाना रूपांनीं डोकावते. पुढें त्या वर्षाच्या अखेरीस पायदळ फ्रान्स सोडणार, ही वार्ता खरी ठरली. लाहोर आणि मीरत डिव्हिजनचीं जहाजें निघालीं. मात्र तीं घराकडे न जातां बसऱ्याकडे गेलीं. अफवेनें निघण्याचें सांगितलें होतें, पोंचण्याचें सांगितलें नव्हतें. इतकी कडू उपरोधकथा एखाद्या कादंबरीकारानें रचली असती, तर आम्हीं त्यास ओढूनताणून आणलेला शेवट म्हटलें असतें.

बसऱ्याहून या दोन्ही डिव्हिजनांस तैग्रिस नदीच्या कांठानें वर नेलें, तें कूतच्या वेढ्यांत सांपडलेल्या फौजेस सोडविण्यासाठीं. येथें मात्र हा विषय आमच्या अंगणांत येऊन ठेपतो. कूतमध्यें अडकलेली फौज सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन, हीच होती. आणि तिच्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. सोडवणुकीचे प्रयत्न फसले. अन्न संपत आलें, घोडे कापावे लागले, तें मांस खावें कीं नाहीं हा धर्माचा प्रश्न हिंदी शिपायांपुढें उभा राहिला, आणि अखेरीस सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांच्या हातीं लागलीं. त्या पांच महिन्यांत नेहमींचें टपाल बंद होतें. बाहेर जाई तें बिनतारी संदेशानें, आणि तो सेनापतींचा. सातारा, रत्नागिरी, कुलाबा अशा जिल्ह्यांतल्या ज्या घरांतून हीं माणसें गेलीं होतीं, त्या घरांत तेवढा काळ 'म्हणे' खेरीज काय आलें असेल? फ्रान्समधल्या पत्रांस निदान सेन्सॉर तरी वाचक मिळाला. कूतच्या मराठा शिपायांस तोही मिळाला नाहीं.

तथापि असल्या स्तब्धतेंत अफवा काय करते, हें मराठी माणसास नव्यानें शिकण्याचें कारण नाहीं. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु ते जिवंत आहेत ही वार्ता कित्येक वर्षें मेली नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्याचीं चिन्हें धारण केलीं नाहींत असें परंपरा सांगते. त्या वार्तेच्या आधारावर तोतया उभा राहिला, त्यास माणसें मिळालीं, किल्ले मिळाले, आणि १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा झाली. इतिहासकार याची नोंद राजकारणांतील कारस्थान म्हणून करतो, आणि तें योग्यच आहे. परंतु कारस्थान उभें राहण्यास जी जमीन लागली ती शोकाची होती. घरोघरचीं माणसें परत आलीं नव्हतीं. त्यांतला एक जरी परत आला असेल, तर आपलाही येईल, हा त्या अफवेंतील ध्वनि होता. जी गोष्ट एका पत्नीच्या आशेंत दिसते, तीच छावणींतल्या शिपायाच्या 'ऐकितों' मध्यें उलट्या टोंकाकडून दिसते. घर म्हणतें, तो जिवंत आहे म्हणे. छावणी म्हणते, आम्ही परत येणार म्हणे.

आमचा मराठी समाज जुन्या पत्रांविषयीं उदासीन आहे असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. १८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापण्यास आरंभ केला, तेव्हांपासून दप्तरें धुंडाळण्याचें व्रत किती जणांनीं चालविलें! परंतु त्या मालिकेच्या नांवांतच आमची मर्यादा दिसते. पत्र आमच्या लेखीं 'साधन' राहिलें. साध्य तें झालें नाहीं. साधन म्हटलें कीं त्यांतलें खरें तेवढें घ्यावयाचें आणि ऐकीव टाकावयाचें. सरदार, मुत्सद्दी, वकील, सावकार यांच्या पत्रांस ही कसोटी कशीबशी चालली, कारण बातमी हाच त्यांचा व्यवसाय होता. साध्या शिपायाचें पत्र या कसोटीस उतरूंच शकत नाहीं. लढाईचा आराखडा त्यास कोणी दाखविलेला नसतो, आपण कोठें आहों हें लिहिण्याची त्यास मनाई असते, आणि वाटेंत कोणी तरी वाचणार हें त्यास ठाऊक असतें. ज्याच्या हातीं खरी माहिती येऊंच दिली नाहीं, त्याच्यापाशीं खरी माहिती मागणें आणि ती नाहीं म्हणून त्यास नापास करणें, यांत न्याय कसला?

हा अन्याय आमच्या हातूनही घडला आहे, आणि या लेखाचें खरें कारण तेंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी आपल्या पणजोबांचीं सात-आठ पत्रें घेऊन आमच्याकडे आला होता. पणजोबा दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणींतून इटलींत गेले होते. पत्रें पेन्सिलीचीं, पुसट. दोन निरनिराळ्या अक्षरांचीं, म्हणजे दोघां लेखनिकांकडून लिहविलेलीं. आम्हीं शिरस्त्याप्रमाणें तारीख, ठिकाण आणि नांवें पाहिलीं. ठिकाण कोठेंच नव्हतें. पलटण शिमग्याच्या आंत मुंबईस उतरणार असें एका पत्रांत होतें, दुसऱ्यांत तेंच पाडव्यावर गेलें होतें, आणि तिसऱ्यांत आखाडीवर. आम्हीं त्यास सांगितलें कीं, कौटुंबिक आठवण म्हणून ठीक आहेत, परंतु यांत ऐकीव मजकुरापलीकडे कांहीं नाहीं. तो मुलगा आज्ञाधारक होता. त्यानें आमचा शब्द प्रमाण मानला. पुढें गांवचें घर पाडलें तेव्हां ट्रंकेबरोबर तीं पत्रेंही गेलीं. शिमगा, पाडवा, आखाडी! सणांच्या पायऱ्यांवरून एक एक पाऊल मागें सरत जाणारी ती आशा आमच्या डोळ्यांसमोर होती, आणि आम्ही तिच्यांत गांवाचें नांव शोधीत बसलों होतों. त्या तीन पत्रांत जें होतें तें कोणत्याही लष्करी दप्तरांत सांपडावयाचें नाहीं.

बर्लिनजवळ व्हुन्सडॉर्फ येथील छावणींत असलेल्या हिंदी युद्धकैद्यांचे आवाज पहिल्या महायुद्धांत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनीं तबकड्यांवर उतरून घेतले. हुम्बोल्ट विद्यापीठानें ते आजवर जपले आहेत. त्यांस हवे होते ते उच्चार. माणसांच्या व्यथेशीं त्यांस कर्तव्य नव्हतें. तरीही उच्चारांच्या निमित्तानें व्यथा टिकली. हॉवेलच्या कचेरीस हवी होती ती राजनिष्ठेची पारख. तिच्या निमित्तानें पत्रें टिकलीं. परक्यांनीं आपापल्या कामासाठीं आमच्या माणसांचे शब्द राखले, आणि आम्हीं, ज्यांचीं तीं माणसें, ते शब्द कामाचे नाहींत म्हणून टाकले, ही गोष्ट मनास लागून राहते.

असो. शिपायाचीं सर्वच पत्रें थोर वाङ्मय आहेत असा आमचा दावा नाहीं. बहुतेक पत्रें साधीं आहेत, पुष्कळशीं एकसुरी आहेत, आणि भाषांतरांत त्यांचा मूळ नाद हरपला आहे. परंतु वाचण्याची रीत बदलली तर त्यांतलें बरेंच कांहीं बोलूं लागेल. 'हें खरें आहे काय?' असा प्रश्न पत्रास विचारण्यापूर्वीं 'हें खरें व्हावें असें कोणास वाटत होतें?' असा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दप्तरांतून मिळतें; दुसऱ्याचें उत्तर पत्राखेरीज दुसरीकडे मिळत नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं माळ्यावर, ट्रंकेंत, देवघराच्या फडताळांत अशीं पत्रें अजून असतील, त्यांस आमची एवढीच विनंती कीं, कोणा प्राध्यापकाच्या सांगण्यावरून तीं टाकूं नयेत.